तव्यावरचं वारं

रविवार, जुलै. पाऊस नाही, वारं आहे. सकाळी भवानी पेठेतल्या जुन्या खोलीवर गेले. गवंडी उशिरा आला. त्यानं चूल काढली, विटा बाहेर नेऊन टाकल्या, जागा सारखी केली आणि चहा पिऊन गेला. दुपारी घरी आले. केसांत सगळी राख बसली होती, म्हणून डोकं धुतलं. वरणभात खाल्ला. थोडी झोपले. आता ऊन उतरलंय.

अव्वा, तुझी चूल काढली. हे लेकीनं आईला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. तू कन्नड शाळेत दोन इयत्ता शिकलीस, मराठी अक्षरं तुला लागत नव्हती. मला कन्नड बोलता येतं, पण लिहिता येत नाही. म्हणजे तू असतीस तरी हे मलाच तुझ्याजवळ बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू मधेच म्हणाली असतीस, पुरे, हात धू आणि पीठ चाळून दे. कामाचे रिपोर्ट सोडले तर मी कधी काही लिहीत नाही, तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते.

दुपारी झोपेत मला तो आवाज आला. तुराटी मोडल्याचा. चूल आता नाही, आणि माझ्या घरात तर ती कधीच नव्हती, तरी आला. डोळे उघडायच्या आधी मला वाटलं, मी त्या दीड खोलीतच आहे, भिंतीकडच्या अंगाला, चादरीत पाय पोटाशी घेऊन. बाहेर अजून उजाडलेलं नाही. तू पाठमोरी बसलेली आहेस. तुझ्यासमोर तवा आहे, तव्यावर कडक भाकरी आहे, आणि भाजून झालेल्या भाकऱ्या चुलीच्या कडेनं निखाऱ्यांच्या धगीला उभ्या केलेल्या आहेत, एकमेकींना टेकून. तुझ्या डाव्या हाताला तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा आहे. तू न बघता त्यातली एक ओढतेस, गुडघ्यावर मोडतेस आणि चुलीत सारतेस. कट्. मग बराच वेळ भाकरी थापल्याचा आवाज. मग पुन्हा कट्.

भाकरी विकायची होती, महिना-महिना टिकायची होती, म्हणून तवा कायम एकसारखा तापलेला लागायचा. जरा जास्त झाला की भाकरीवर काळे डाग, जरा निवला की ती कडक होण्याऐवजी चामट व्हायची. आणि मागच्या दारातून परसातलं वारं थेट तव्यावर यायचं. वारं आलं की तवा निवायचा, तवा निवू लागला की तू तुराटी सारायचीस. वारं जास्त, तुराट्या जास्त. मी डोळे मिटून पडल्या पडल्या नुसते ते आवाज ऐकायची आणि मला कळायचं, आज बाहेर किती वारं सुटलंय. पानांचा आवाज, पत्र्याचा आवाज काही लागायचा नाही. कट्. थोड्या वेळानं कट्. म्हणजे नुसती झुळूक. कट्, कट्, कट्. म्हणजे आज शाळेत जाताना डोळ्यांत धूळ जाणार. मला ती शाळेआधीची वेळ फार आवडायची. तुझ्याशी बोलायला लागायचं नाही आणि तरी तू सगळं सांगत असायचीस.

परसात जाऊन आले की मी दार उघडंच ठेवायची. तू मान न वळवता ओरडायचीस, "दार! दार कोण लावणार, तुझी सासू?" माझी सासू तेव्हा कुठंच नव्हती. पुढं ती आली आणि तिनं मला दारावरून कधी बोल लावला नाही, तेव्हा मला उगीच चुकल्यासारखं वाटायचं.

मी काय काम करते हे मी तुला एकदा सांगितलं होतं. तुला ते आठवत असेल की नाही कोण जाणे. मला नुकतीच त्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली होती. मिस्त्री लोक हातानं काम करायचे आणि मी कॉम्प्युटर घेऊन शेजारी बसायची. तू विचारलंस, "तिथं तुला काय काम दिलंय गं?"

"वारं मोजते."

"कशानं, मापट्यानं?"

"मापानं नाही. वजनानं."

तुझा थापायचा हात थांबला नाही, पण तू माझ्याकडं बघितलंस. "वाऱ्याला वजन असतंय व्हय?"

"असतं की. गार वाऱ्याला जास्त, गरम वाऱ्याला कमी."

"मग ह्या दारातनं रोज पोत्यानं वारं आत येतंय. एक पोतं तोंड बांधून दे तुझ्या मालकाला. म्हणावं, आईनं धाडलंय."

मग मी तुला समजावून सांगितलं होतं, मला जेवढं समजावता येतं तेवढं. गाडीच्या इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे आत हवा किती गेली त्यावर ठरतं. हवा ज्या नळीतून आत जाते तिच्यात केसासारखी बारीक तार बसवलेली असते. ती तार बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवायची, एवढंच तिथल्या यंत्राचं काम. हवा आली की तार निवायला लागते, आणि निवू नये म्हणून तिला जास्त वीज द्यावी लागते. किती वीज द्यावी लागली ते बघायचं, आणि त्यावरून सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते काढायचं. तारेकडून येतात व्होल्ट, इंजिनाला हवे असतात ग्रॅम. एका बाजूला व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ग्रॅम, असा तक्ता असतो. तो तक्ता लावायचा, तपासायचा, बिघडला तर दुरुस्त करायचा, हे माझं काम. सरळ गुणाकार करून भागत नाही. अगदी थोडी हवा आली तरी तार चटकन सांगते, पण पुढं कितीही जोराची आली तरी तिचं सांगणं थोडंथोडंच वाढतं. तुझंही तसंच होतं. पहिल्या झुळुकीला तू लगेच एक तुराटी सारायचीस, आणि वावटळ आली तरी काही भारा चुलीत घालायची नाहीस.

"तार जळत न्हाय का मग?" तू विचारलंस.

"जळत नाही. धूळ बसते तेवढी. मधूनमधून साफ करावी लागते."

"बरं," म्हणालीस आणि पुढची भाकरी घेतलीस. ट्रेनिंगला फळ्यावर त्यांनी ती तार काढली होती तेव्हा मला तिथं तुझा तवा दिसला होता, आणि बंद खोलीत धुराचा वास आला होता. ते मात्र मी तुला सांगितलं नाही. आपल्या घरात असं काही बोलायची पद्धत नव्हती.

तू गेल्यावर चूल मावशीनं चालवली. तीच मावशी, अक्कलकोटकडची, तुझ्या हाताखाली भाकरी थापायला आलेली आणि तुला अक्का म्हणणारी. खोली माझ्या नावावर झाली, पण मी तिथं फक्त रविवारी जायची, तिच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन यायची. तिला खोकला कधी लागला ते कळलंच नाही. गेल्या दिवाळीत ती माझ्या घरी आली, तेव्हा जिन्यात मधल्या पायरीवर उभी राहिली आणि भिंतीवरचं मीटर बघत असल्याचं सोंग केलं. अव्वा, तू दवाखान्याच्या जिन्यात अशीच उभी राहायचीस. तू खिडकीतून बाहेर बघायचीस. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

तिला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी फोटो बघितला, छातीला नळी लावून बघितली आणि म्हणाले, धूर बंद करा, दुसरं औषध नाही. मी दुसऱ्याच आठवड्यात गॅसची मोठी शेगडी आणली. चूल तशीच ठेवून तिच्या शेजारी ओटा करून घेतला. मला वाटलं, झालं काम.

झालं नाही. भाकरी मधे काळी, कडेला कच्ची. वाळत तर नव्हतीच, कारण गॅसला निखारे नाहीत. दोन गिऱ्हाइकांनी माल परत आणून दिला. मावशीनं मला एक भाकरी उचलून दाखवली, ती तिच्या हातात वाकली. "बघ. आजारी माणसाच्या तोंडागत झालीय. ही मी अक्काच्या नावावर विकू?" तुझी परीक्षा तिला पाठ आहे. भाकरी भिंतीला टेकवायची, ती आपली आपण उभी राहिली पाहिजे, कमरेत वाकली नाही पाहिजे.

पुढच्या रविवारी गेले तर चूल पेटलेली होती आणि शेगडीवर कापड टाकलेलं होतं, झोपलेल्या माणसावर टाकतात तसं.

"मावशी, डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टरला भाकरी करायची न्हाय."

"अव्वाचं काय झालं ते बघितलंस की तू."

"अक्का धुरानं न्हाय गेली. वय झालं हुतं तिचं."

"तिचं वय तेव्हा आत्ताच्या माझ्याएवढं होतं."

तिनं तुराटी मोडली पण चुलीत घातली नाही, हातातच धरून बसली. मग म्हणाली, "तू म्हणतीस ते मला कळतंय गं. पण भाकरी न्हाय जमली तर मी काय करू, सांग की. दिवसभर भिंतीकडं बघू? आषाढ लागंपर्यंत दोन्ही राहू दे. गॅसवरची भाकरी उभी राहिली तर तूच मोड चूल. न्हाय राहिली तर मी हितंच बसणार, आणि मग तू मला बोलायचं न्हाय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. बसमधून परत येताना मला सारखं वाटत होतं की तुला दुसऱ्यांदा दवाखान्यात न्यायची वेळ येणार आहे. आणि तिला जबरदस्तीनं उठवलं, तर ती धुराशिवायही टिकणार नाही, हेही दिसत होतं.

मे महिन्यात वर्कशॉपमध्ये एक जुनी गाडी आली. तिचा तारेचा भाग आता कुठं मिळत नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या एका मोठ्या गाडीचा भाग आणला, त्यातला तारेचा तेवढा तुकडा काढून जुन्या नळीत बसवला, आणि मी त्या मोठ्या गाडीचा तक्ता कॉम्प्युटरमधून भरला. गाडी चालू झाली आणि मागून काळा धूर सुटला. सिग्नलला थांबवल्यासारखी नुसती उभी केली तरी धाप लागल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची. मिस्त्री तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "मॅडम, ये गाडी हय के भट्टी?"

मी तार तपासली, ती चांगली होती. तक्ता तपासला, तोही बरोबर होता. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी एकटीच त्या उघड्या बॉनेटसमोर बसून राहिले. बाहेर डांबर वितळत होतं. मग ध्यानात आलं. जुन्या गाडीची नळी बारीक आहे. तेवढीच हवा बारीक नळीतून जाताना जोरात जाते, जोरात गेली की तार जास्त निवते, तार जास्त वीज मागते. मोठ्या नळीचा तक्ता त्यावरून म्हणतो, हवा खूप आली, ओता पेट्रोल. तार खोटं बोलत नव्हती. तक्ताही खोटा नव्हता. तो दुसऱ्या नळीवर बसून केलेला होता, इतकंच. मी दोन्ही नळ्यांची तोंडं मोजली, त्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात प्रत्येक ओळीतले ग्रॅम कमी केले. कमी हवेच्या वरच्या ओळी तेवढ्यानं जुळेनात, त्या मग गाडी चालू ठेवून, धुराकडं बघत, एकेक करून बसवल्या. संध्याकाळी धूर थांबला. मिस्त्री सायलेन्सरमागं हात धरून उभे राहिले, हाताचा वास घेतला आणि मान डोलावली.

मी हात धुतले आणि तशीच भवानी पेठेत गेले. मालकांकडून लांबूनच उष्णता मोजायचं ते उपकरण मागून घेतलं होतं. मावशीनं ते बघितलं. "पिस्तूल कुणावर आणलंस?"

"तव्यावर."

"काय गुन्हा केला त्यानं?"

मी तिला म्हटलं, मला काही शिकवायचं नाही, फक्त बसू दे, तू भाकरी कर. मी तुझ्या जागेच्या मागं भिंतीशी बसले, माझ्या जुन्या जागेवर. ती थापत होती. मागच्या दारातून वारं आलं. तिला ते कळलंही नसेल, पण तिचा डावा हात उठला आणि त्यानं शेगडीचं बटण भसकन वर केलं. थोड्याच वेळात तवा इतका तापला की उपकरणावरचे आकडे धावायला लागले, आणि भाकरीच्या मधोमध काळा डाग उठला. मग तिनं रागानं बटण पार खाली केलं, आणि कडा कच्च्या राहिल्या. पुन्हा वारं, पुन्हा हात.

तुराटी घातल्यावर ती पेटायला वेळ लागतो, अव्वा. म्हणून तुम्हा दोघींचा हात नेहमी तवा पुरता निवायच्या जरा आधी जायचा आणि जरा जास्त सारायचा. इतक्या वर्षांत त्या हातात एक तक्ता तयार झालेला होता, आणि तो अगदी बरोबर होता. चुलीचा होता. गॅस तर बटण फिरवलं की त्याच क्षणी पेटतो. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "हात माझा हाय, तुझ्या गाडीचा न्हाय." पण पुढच्या झुळुकीला तिनं डावा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसली. एका हातानं भाकरी थापता येत नाही. आम्ही दोघी हसलो, तिला खोकला आला, आम्ही हसायचं थांबलो.

असे बरेच रविवार गेले. मधल्या दिवशीही मी जायला लागले, काम सुटलं की. मी उपकरण धरून बसायची, ती भाकऱ्या बिघडवायची. बिघडलेल्या आम्ही दुधात चुरून खायचो. एकदा ती थापता थापता थांबली. मग तव्याकडं बघत म्हणाली, "ह्याला आवाज न्हाय गं. तेच्यानं कळंना झालंय. तुराटी बोलायची. एक मोडली, दोन मोडल्या, की मला समजायचं किती वारं हाय. हे मुकं हाय." अव्वा, मी भिंतीला टेकून बसले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो आवाज फक्त मी ऐकलाय. त्या पहाटे, चादरीत, एकटीनं. आणि ही तुझ्या शेजारी बसून तोच ऐकत होती. तूही ऐकत असशील. म्हणजे तिथं आपण तिघी जणी होतो, आणि कुणी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी तिनंच तिचा तक्ता केला. उपकरणावरचे आकडे तिला नको होते, म्हणाली डोळ्यांपुढं नाचतात. वारं अंगाला लागलं की हातातली भाकरी पुरती थापून संपवायची, आणि मगच बटणाला हात लावायचा, तोही अगदी जरासा. हे तिचं माप. वाळवायला तिनं दुसऱ्या बर्नरवर जुना तवा पालथा घातला, तो मंद ठेवला आणि भाकऱ्या त्याच्याभोवती टेकवल्या, निखाऱ्यांभोवती टेकवायचीस तशा. एका संध्याकाळी तिनं एक भाकरी उचलली आणि भिंतीला लावून ठेवली. आम्ही दोघी बघत बसलो.

"वाकंल आता," मावशी म्हणाली.

वाकली नाही.

"जरा थांब. वाकंल."

वाकली नाही. मग तिनं ती डब्यात घातली आणि मला म्हणाली, इतक्यात कुणाला सांगू नको. आषाढ लागल्यावर डबा उघडला आणि तिनं ती दोन्ही हातांनी मोडली. कट्. तुराटीचाच आवाज. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. "मोड चूल," ती म्हणाली.

म्हणून आज गवंडी बोलावला. त्यानं पहिला घाव घातला तेव्हा मावशी मागच्या दारात पाठ करून उभी राहिली. चूल सहज निघाली नाही. दर सणाला सारवलेली ती माती, थरावर थर चढून दगडासारखी झाली होती. आतला एक थर सुटून अख्खा निघाला, त्यावर बोटांचे माग होते, चार लांब रेघा शेजारी शेजारी. गवंडी म्हणाला, "बाई, हे ठेवायचंय का?" मावशी वळली, जवळ येऊन तिनं बघितलं. "अक्काची बोटं. माझी जाड हायत." तिनं आपली बोटं त्या रेघांवर ठेवून दाखवली, ती खरंच बसली नाहीत. मग मी ठेवून बघितली. माझी बसली. गवंडी वाट बघत होता. मी मान हलवली, आणि त्यानं तो तुकडा पाटीत टाकला. ठेवून कुठं ठेवणार होते, अव्वा. माझ्याकडं चूल नाही.

जागा सारखी झाल्यावर मावशीनं गॅसवर पहिली भाकरी केली आणि जिथं चूल होती तिथं भिंतीला लावून उभी केली. "तगो अक्का," म्हणाली. घे. मग थोडं थांबून, "खाऊन बघ. न्हाय आवडली तर तुझ्या लेकीला बोल, मला न्हाय." भिंत वरपर्यंत काळी आहे, ती आता पुढच्या आठवड्यात रंगवायची. मी निघाले तेव्हा ती भारा बांधत होती. उरलेल्या तुराट्या शेजारच्यांना पाणी तापवायला देणार म्हणाली. उंबऱ्यापर्यंत सोडायला आली, मधे कुठं थांबली नाही.

एक गोष्ट राहिली. ती मी कुणाला सांगितलेली नाही.

तुझ्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात त्यांनी तुला ते तीन रंगीत गोट्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोट्या वर चढवायच्या. तू म्हणालीस, "जत्रंतलं खेळणं हाय हे. परत दिऊन ये." तरी तू ते रोज करायचीस. पहिली गोटी थोडी उचलायची, थरथरायची आणि खाली बसायची. तू मला विचारायचीस, किती आलं. मी म्हणायची, आलं की. मग तू झोपायचीस आणि मी स्टुलावर बसून तुझ्या छातीवरची चादर वरखाली होताना बघायची. बाजूच्या बायका जप करायच्या. मला तसं काही येत नाही. मला एकच काम येतं, ते मी करत बसले. एका श्वासात आत किती हवा जात असेल, त्या खोलीत उकाडा किती होता, तेवढ्या गरम हवेचं वजन किती. माणसाचा साधा, शांत श्वास अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. तुझा त्याहून कमी भरत होता. किती कमी, ते इथंही लिहीत नाही.

नंतर, तू गेल्यावर, वर्कशॉपमधल्या छोट्या काट्यावर मी ज्वारीचं पीठ अर्धा ग्रॅम तोलून बघितलं. चिमूटभर होतं. काथवटीवर भाकरी थापायच्या आधी तू खाली भुरभुरवायचीस, तेवढंच. तेव्हापासून मी भाकरी करायला बसले की एक चिमूट परातीच्या कडेला काढून ठेवते. काही करत नाही तिचं. शेवटी परातीबरोबर धुऊन जाते. मावशीनं एकदा बघितलं आणि विचारलं, हे कशाला. मी म्हटलं, सवय.

एवढंच होतं. हे कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवेन, दुसरीकडं कुठं ते जायचे नाहीत. वारं वाढलंय. मागचं दार मघापासून आपटतंय, आणि आता लिहिता लिहिता अंधारून आलं. संध्याकाळचं अजून काही केलेलं नाही. उठते. दार लावते, पीठ काढते, तवा ठेवते.